सातव्या पावलाची टिक

वर्णन : पुरुष. वय चौपन्न. उंची मध्यम, बांधा मध्यम, मतं मध्यम नाहीत. दोन्ही कानांच्या वरच्या बाजूस हेडफोनचे जुने वळ. व्यवसाय : पावले. अनुभव : एकतीस वर्षे. सदर इसमाने आजवर एकशे बारा व्यक्तींना चालते केले असून त्यांपैकी एकही व्यक्ती अस्तित्वात नाही. त्यांत सहा राजे, चौदा चेटकिणी, एक लंगडा घोडा व स्वतःचे मुंडके काखेत घेऊन फिरणारा एक सेनापती यांचा समावेश होतो. सदर इसम वेळेवर येतो, अक्षर सुवाच्य काढतो व चहात साखर घेत नाही. सदर इसमाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.

सदर इसमाची मात्र एक होती.

त्यांना सगळे पाऊलकाका म्हणत. व्हिडिओ गेममधली माणसं चालतात तेव्हा त्यांच्या पायांचा आवाज कुणीतरी काढावा लागतो, हे खेळणाऱ्यांच्या गावीही नसतं. चित्रातल्या माणसाला वजन नसतं. तो जमिनीवरून नुसता सरकत असतो, दुकानातल्या बाहुल्यासारखा. त्याला वजन देतो तो कुठल्यातरी फ्लॅटच्या मागच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करून, घामाघूम होऊन जागच्या जागी चालणारा एक मनुष्य. काकांच्या त्या खोलीत वाळूचा ट्रे होता, खडीचा होता, सुक्या पानांचा होता आणि बर्फासाठी चामड्याच्या पिशवीत दाबून भरलेलं कॉर्नफ्लोअर होतं. पिशवी मुठीत आवळली की ताज्या बर्फावर पाय पडल्याचा आवाज येतो. भिंतीवरच्या फळ्यांवर पादत्राणांच्या बत्तीस जोड्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी : ‘शिपाई’, ‘राजा (जाडा)’, ‘राजा (मेलेला, तरी चालतो)’. काकांचं लग्न एकदा ठरत आलं होतं. मुलीने विचारलं, माझ्यात तुम्हाला काय आवडलं? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, टाच. पुढे ते प्रकरण गेलं नाही.

तेव्हा घरात दोघंच, काका आणि त्यांची आई. आई एक्क्याऐंशीची. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ते जोडलं गेलं पण पाय काही परत कामावर रुजू झाले नाहीत. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत. खुर्चीच्या चाकांना काकांनी इतकं तेल घातलं होतं की ती कधी मागे येऊन उभी राहिली ते कळत नसे.

तक्रारीचं मूळ अकरा वर्षं मागे जातं.

‘धुक्याची बेटं’ या गेमचा पहिला भाग तेव्हा तयार होत होता. पाच बेटं, एक होडी, एक नावाड्याची मुलगी आणि एक हरवलेली घंटा. मुलीने घंटा शोधून आणायची, वाटेत जे काही अंगावर येईल त्याला मारायचं किंवा चुकवायचं. पाचही बेटांच्या मधोमध एक दीपगृह, आणि त्यात एक म्हातारी. ती काही करत नाही. संध्याकाळ झाली की एकेचाळीस पायऱ्या चढून दिवा लावते, पुन्हा खाली येते. दमलेल्या मुलीने तिथे येऊन बसायचं आणि म्हातारीची पावलं ऐकायची. ती वर पोचली की मुलीच्या जखमा भरून आलेल्या असतात. एवढंच. पण त्या म्हातारीची चाल काकांना जमेना. स्वतः वाकून चालले, काठी घेऊन चालले, बुटात खडा घालून चालले. तेरा वेळा चालले. तेराही वेळा म्हातारीचं सोंग घेतलेला चाळिशीतला पुरुष ऐकू आला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “झालं का तुझं दाणदाण? माझं डोकं उठलंय,” आणि ओट्यापासून दारापर्यंत चालत आली.

टप, खर्र. टप, खर्र. डावा गुडघा दुखरा, म्हणून डावी चप्पल फरफटायची. ओट्यापासून दारापर्यंत बरोबर सात पावलं. दाराशी एक फरशी सुटलेली, सातवं पाऊल तिच्यावर पडलं की ती वाजायची, टिक.

काका खोलीतून बाहेर आले ते माइक घेऊनच. हाताखाली तेव्हा एक तरुण होता. हुशार, कानाचा पक्का, बाराही महिने गळ्यात मफलर. म्हणून नावच मफलर पडलेलं. तो स्वयंपाकघरात पोटावर पालथा पडला आणि माइक आईच्या टाचांमागून सरकवत राहिला. आईने त्याला आधी उठवला, खाली घोंगडी घातली. “गार फरशीवर लोळू नको रे, पोटात कळ येते,” म्हणाली, आणि मगच चालली. चाळीस वेळा चालली. एकदाही का म्हणून विचारलं नाही. शेवटी फक्त म्हणाली, “झालं समाधान? आता कुकर लावू?”

एरवी पावलं सुटीसुटी टिपतात आणि यंत्र ती उलटसुलट करून वापरतं. आईची पावलं सुटी केली तर ती आईची राहीनात. म्हणून सात पावलांची अख्खी ओळ तशीच ठेवली. मफलरने विचारलं होतं, “काका, ही टिक काढू का?” काका म्हणाले होते, “राहू दे. पायरी हलतेय म्हणू.” मग चित्रकाराने दीपगृहाच्या जिन्यात दर सातवी पायरी हलती दाखवली. खेळणाऱ्यांना वाटलं, काय बारीक काम आहे!

पुढे मफलरला कंपनीने बोलावून घेतलं, मोठ्या खोलीत बसवलं आणि ‘ध्वनिप्रमुख’ अशी पाटी दिली. जाताना तो काकांच्या पाया पडला आणि सगळ्या आवाजांची डिस्क घेऊन गेला. आवाज कंपनीचेच होते. त्यात वावगं काहीच नव्हतं.

या वर्षी दुसरा भाग आला, आणि पाठोपाठ ध्वनिकार संघाच्या चिटणीसबाई काकांकडे आल्या. दर वर्षी संघ ‘मूळ ध्वनी’ नावाचं एक पारितोषिक देतो. मालिकेतला पुढचा भाग स्पर्धेत असेल तर नियम नऊनुसार आधीच्या भागाशी ताडून बघावं लागतं की आवाज नवेच आहेत ना. दोन्ही भाग मिळून ऐंशी तासांचं ऐकणं. बाकीच्या परीक्षकांना एकाएकी पाठीची दुखणी निघाली होती.

“तुमच्याशिवाय कोण बसणार एवढं, पाऊलकाका?” चिटणीसबाई म्हणाल्या. “आणि तुम्हाला पहिला भाग तोंडपाठ आहे.”

काकांनी अर्ज भरला. कलम चार : ‘सदर प्रवेशिकेत परीक्षकाचा कोणी नातेवाईक सहभागी आहे काय?’ काकांनी लिहिलं, ‘नाही’. त्या दिवशी ते खरं होतं, निदान काकांच्या समजुतीप्रमाणे.

दुसरा भाग दहापट मोठा निघाला. पाचाची त्रेपन्न बेटं झाली होती. होडीला पंख फुटले होते. पहिल्या भागात पाऊस पडला की मुलगी झाडाखाली थांबायची. दुसऱ्यात पाऊस पडला की तिला गुण मिळत. घंटा पुन्हा हरवली होती. इतकी हरवणारी वस्तू कुणी बांधून का ठेवत नाही, याचं उत्तर दोन्ही भागांत नाही. काकांनी वहीत मधोमध रेघ ओढून डावीकडे एक, उजवीकडे दोन असं लिहायला घेतलं. लाटा : नव्या, चांगल्या. दारं : नवी, जरा जास्तच कुरकुरतात. घोडा : नवा, पण चारही पाय सारखे, म्हणजे घोडा नव्हे. काका न्यायाने लिहीत होते. कौतुकाच्या जागी कौतुक होतं.

चौथ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, “ते कानावरचं झाकण काढ जरा. मी काय भिंतीशी बसलेय का गप्पा मारायला?” ती मटार सोलत बसली होती. काकांनी हेडफोन काढला, आवाज दिवाणखान्यात सोडला. पडद्यावर दाट धुकं होतं, बर्फ होतं, मुलगी एका खडकामागे दबून बसली होती. या भागात गिळगी नावाची एक चेटकीण आहे. ती दिसत नाही. धुक्यात मागून येते, मुलं गिळते. दिसायच्या आधी फक्त तिची पावलं ऐकू येतात. सगळीकडे त्या पावलांचीच चर्चा होती. लोक म्हणे खुर्चीतून उठून पळत होते.

टप, खर्र. टप, खर्र. टप, खर्र. टिक.

आईचा हात मटारात थांबला.

“माझ्या चपला कुणी घातल्यात रे?” ती म्हणाली.

पडद्यावर गिळगीने मुलीला गिळलं. काकांनी तो प्रसंग पुन्हा लावला. मग पुन्हा. सहाव्या वेळेस आई म्हणाली, “अरे, त्या पोरीला एकदा तरी सोड,” तेव्हा कुठे त्यांनी यंत्र बंद केलं.

अशा वेळेला माणसं ओरडतात, भांडी आपटतात. काकांचा राग बिनआवाजी होता, धंद्याची सवय. त्यांनी नवी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि मफलरची एक मुलाखत शोधून काढली. त्यात मफलर, मफलर गुंडाळून, सांगत होता की गिळगीसाठी आपण तीन दिवस बर्फात अनवाणी चाललो, एका बोटाला अजून संवेदना नाही. “ही द्वेषाची चाल आहे,” तो म्हणत होता. “नीट ऐका, प्रत्येक पावलात द्वेष भरलाय. माणूस असा चालूच शकत नाही.”

काकांनी ते वाक्य वहीत उतरवलं. खाली लिहिलं : ‘डावा गुडघा. संधिवात.’

त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली घोंगडी होती. आपण मेलो तरी बेहत्तर, याला सोडायचा नाही, असं ते मनात म्हणाले, आणि मग चाकांच्या खुर्चीकडे बघून त्यातलं ‘मेलो तरी बेहत्तर’ तेवढं त्यांनी खोडलं.

आता कलम चारचा प्रश्न आला. खरं तर काकांनी बाजूला व्हायला हवं होतं. प्रवेशिकेत त्यांची सख्खी आई होती, पायांपुरती का होईना. पण मफलरने भरून दिलेल्या कागदांत आई कुठेच नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘गिळगीची पावले : स्वतः’. म्हणजे कागदोपत्री काकांचं ‘नाही’ शंभर टक्के खरं, आणि ते खरं करून ठेवलं होतं खुद्द मफलरने. त्याला काकांवर हरकत घ्यायची तर आधी कबूल करावं लागणार होतं, की पावलं यांच्या आईची आहेत. काकांनी हे दोन-तीनदा उलटसुलट तपासलं. कुठेही फट नव्हती. इतकं सुंदर काही त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

पुढचे सोळा दिवस ते खूश होते. दाढी रोज करत. आईला जाणवलं.

“काय रे, कोणाचा बळी घेतोयस?”

“काही नाही. तुलना करतोय. दोन भागांची.”

“मग मला विचार की. दोन्हीत मीच तर आहे.” तिने खुर्ची पुढे घेतली. “पहिल्या भागात काय करते मी? वर जाते, दिवा लावते, खाली येते. अकरा वर्षं. एका कार्टीने म्हटलं का, आजी, मी लावते दिवा, तुम्ही बसा? जखमा बऱ्या करून घेतात आणि निघतात. घरातही तेच होतं की. आणि दुसऱ्यात बघ! मी नुसती आले तरी पळापळ. लाव ना जरा.”

“आई, ती मुलं गिळते.”

“गिळू दे. तुला लहानाचा मोठा करताना मला किती वेळा वाटलं असेल.”

काकांनी लावलं. गिळगी धुक्यातून आली, टप, खर्र, आणि आई मान किंचित वाकडी करून ऐकत राहिली, तबल्यावर ठेका धरावा तसा हात खुर्चीच्या दांड्यावर हलवत. “सरोवरावरून पण जाते मी?” तिने विचारलं. “बुडत नाही? भले!” मग तिने दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. रोज चारच्या चहाला गिळगी लागे.

काका मनात म्हणत, बघा, अपमान किती हसून गिळतेय. त्यांचा राग आणखी पिकला.

“त्याला फोन करून जेवायला बोलाव एकदा,” आई म्हणाली. “डोकं आहे पोरात. बोटाला काय झालंय म्हणे त्याच्या?”

“बोटाला काही झालेलं नाही,” काका म्हणाले, आणि उठून आत गेले.

अहवाल चौतीस पानांचा झाला. काकांनी आयुष्यात पावलांखेरीज काही रचलं नव्हतं, पण सरकारी भाषा त्यांना अशी चढली की बस. ‘सबब’, ‘उपरोक्त’, ‘निदर्शनास येते’. शेवटच्या कलमासाठी त्यांनी दोन दिवस घेतले : ‘सबब, सदर पादध्वनी उसना असल्याचे सिद्ध होत असून, तो या मालिकेत जिथे जिथे आढळेल तिथून तिथून कायमचा काढून टाकावा व त्याचा मागमूस ठेवू नये, अशी शिफारस करण्यात येते.’ त्यांनी ते मोठ्याने वाचून पाहिलं. ‘जिथे जिथे, तिथून तिथून.’ चालीत होतं. मागमूस हा शब्द तर मफलरच्या तोंडावर दार लावल्यासारखा वाजत होता.

सुनावणी सकाळी अकराला, संघाच्या खोलीत. खोली चष्म्याच्या दुकानावर, खाली गुळगुळीत सिमेंट, वर कुरकुरणारा पंखा. गावातले सगळे आवाजाचे जाणकार वर्षानुवर्षं त्याच्याखाली बसतात आणि कुणीही त्याला तेल घालत नाही. चिटणीसबाई अध्यक्षस्थानी. मफलर मफलरसकट. काकांना बघून तो हसला.

“काका, तुम्ही आहात होय! मग काय काळजीच नाही.”

“बसा आपण,” काका म्हणाले.

ते ‘आपण’ ऐकून मफलरचं हसू अर्ध्यावर राहिलं. सहा वर्षं हाताखाली काढलेली. काकांच्या तोंडून त्याने ‘अरे’, ‘कार्ट्या’ आणि क्वचित ‘बहिऱ्या’ एवढंच ऐकलं होतं.

काकांनी दोन ध्वनिफिती लावल्या. भाग एक, दीपगृह. भाग दोन, बर्फाचं सरोवर. टप, खर्र. टप, खर्र. चिटणीसबाईंनी भुवया उचलल्या.

“योगायोग,” मफलर म्हणाला. “कुठलीही म्हातारी अशीच चालते.”

“म्हातारी?” काकांनी पान उलटलं. “प्रवेशिकेत आपण ‘स्वतः’ लिहिलंय.”

“म्हणजे मी म्हातारीसारखा चाललो.”

“मग चालून दाखवा. सात पावलं पुरेत.”

चिटणीसबाई म्हणाल्या, “हो, त्यात काय, दाखवा की.” त्यांना खरोखरच बघायचं होतं.

मफलरने बूट काढले, मोजे काढले. दहाही बोटं ठणठणीत होती. तो वाकला आणि सिमेंटवरून चालू लागला. टप, खर्र. वाईट नव्हतं. काकांनी सातव्या पावलापर्यंत चालू दिलं.

“उजवा पाय फरफटवलात,” ते म्हणाले. “गिळगीचा डावा.”

“बर्फात डावा होता.”

“असेल. आता ही टिक.” काकांनी फीत पुन्हा लावली. टिक. “ही कशाची?”

“पायाखाली बर्फ तडकतो.”

“दर सातव्या पावलाला?”

“हो.”

“चिखलात पण बर्फ तडकतो? पान बावीस, दलदलीचं बेट. टिक. पान तेवीस, वाळू. टिक. पान चोवीस, राजवाड्यातला गालिचा.” काकांचा आवाज दळण सांगावं तसा सपाट होता. “पान पंचवीस. इथे गिळगी हवेतून तरंगत जाते. टिक. ही कशाची?”

“ती... तिची कवटी.”

“कवटी कुठे वाजते?”

“आत.”

चिटणीसबाईंना खोकला आला. काकांनी पान उलटलं. अजून नऊ पानं होती, आणि नऊच्या नऊ वाचायची त्यांची तयारी होती. किंबहुना त्या नऊ पानांसाठीच ते गेले सोळा दिवस दाढी करत होते. पण मफलरचा बांध तेवढ्यात फुटला.

“अहो काका, काय चालवलंय!” तो अनवाणी उभा राहून ओरडला. “कशाची म्हणून काय विचारताय? तुमच्या स्वयंपाकघरातली सुटलेली फरशी आहे ती! मी म्हटलं होतं काढू का, तर तुम्हीच म्हणालात राहू दे!”

पंखा कुरकुरत राहिला.

“नोंद घ्यावी,” काका म्हणाले.

चिटणीसबाई लिहिता लिहिता थांबल्या. “म्हणजे मग पावलं कोणाची आहेत?”

“ते,” काका म्हणाले, “या अहवालाच्या कक्षेत येत नाही.”

जिन्यात मफलरने त्यांना गाठलं. बूट हातातच होते. “काका, चार महिने शोधली हो दुसरी चाल. शपथ. सापडलीच नाही. तशी नाहीच कुणाची.”

“मग तिचं नाव लिहायचं होतंस.”

“मग बक्षीस कसलं मिळतंय?” तो म्हणाला. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलेलं नव्हतं. “आईंना सांगा...”

“काय सांगू?”

काका जिना उतरले. आयुष्यभर चालताना आवाज न करण्याची सवय लागलेला हा माणूस त्या दिवशी प्रत्येक पायरीवर टाच आपटत, राजा (जाडा) उतरावा तसा उतरला. खाली चष्मेवाल्याने वर बघितलं.

पारितोषिक घोड्यांच्या कुठल्याशा गेमला गेलं. मफलरची ‘ध्वनिप्रमुख’ ही पाटी निघाली आणि त्याला बटणांच्या विभागात टाकलं. तिथे दिवसभर बटण दाबल्याचा आवाज जरा उजळ करायचा, जरा मंद करायचा. ही बातमी चिटणीसबाईंनी फोनवर दिली. काकांनी ती दोनदा सांगायला लावली, नीट ऐकू येत नाही म्हणून. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“आणि तुमचं शेवटचं कलम कंपनीने शब्दशः मानलं हं,” चिटणीसबाई म्हणाल्या. “त्यांचा वकील खूश होता. म्हणे इतकं स्वच्छ कलम बघायला मिळत नाही.”

“मानलं ना?” काका म्हणाले. त्या दिवशी चहात त्यांनी साखर घेतली.

त्या फोननंतर अकराव्या दिवशी, चारच्या चहाला, आई म्हणाली, “लाव.”

काकांनी ‘भाग दोन’ लावला. गेम सुरू होताच कंपनीने केलेले बदल स्वतःहून उतरवून घेतो. एक पट्टी भरेपर्यंत थांबावं लागलं. मग धुकं आलं, खडक आला, मुलगी दबून बसली. आणि धुक्यातून कुणीतरी जड बूट घालून, धाड धाड, परेडला निघाल्यासारखं आलं.

आई ऐकत राहिली. “ही कोण बाई?”

“बदलली त्यांनी,” काका म्हणाले. “मी बदलायला लावली. तुझी चाल आता ती वापरणार नाही. कधीच नाही.” हे सांगायच्या क्षणाची त्यांनी इतके दिवस वाट बघितली होती. सांगून झाल्यावर ते तिच्या तोंडाकडे बघू लागले.

“तू लावलीस?”

“तुला चेटकीण केली होती त्याने, आई.”

“मला विचारलंस?”

काका चष्मा काढून पुसायला लागले.

आईने कप बशीत ठेवला. “बरं,” ती म्हणाली. “मग पहिला लाव. दिवा तरी लावू.”

काकांनी पहिला भाग लावला. तिथेही पट्टी आली आणि भरत गेली. अकरा वर्षांत या भागात कधी कुणी हात घातला नव्हता. पट्टीखाली बारीक अक्षरांत सूचना होती. काकांनी चष्मा लावला. ‘संघाच्या अहवालातील शेवटच्या कलमास अनुसरून, वादग्रस्त पादध्वनी मालिकेच्या दोन्ही भागांतून वगळण्यात आला असून मूळ ध्वनिमुद्रण नष्ट करण्यात आले आहे. खेळाडूंच्या अनुभवात यामुळे कोणताही फरक पडणार नाही.’

दीपगृह आलं. संध्याकाळ झाली. म्हातारी उठली आणि जिना चढू लागली. लाटांचा आवाज येत होता, वाऱ्याचा येत होता. सातवी पायरी हलली, तीही मुकाट्याने. वर दिवा लागला.

“आवाज वाढव,” आई म्हणाली.

काकांनी वाढवला. लाटा मोठ्या झाल्या.

पाऊलकाकांकडे त्या मुद्रणाची प्रत नाही. काढून ठेवायचं तेव्हा मनातही आलं नव्हतं. आई घरात चालत होती.